वाकडे स्टिअरिंग

वाहनासंबंधी काहीही असो, आमच्या घरात शेवटचा शब्द आप्पांचा असे. ज्याने तेहतीस वर्षे एसटीचे स्टिअरिंग हाती धरले, त्या माणसाशी ब्रेकच्या आवाजावरून किंवा क्लचच्या वासावरून कोण वाद घालणार? गेल्या दोनएक वर्षांत मात्र हा शब्द थोडाथोडा करून त्यांच्याकडून काढून घेतला जात होता. काढून घेणाऱ्यांत पुण्याचा दादा पुढे होता हे खरे. पण मी त्याला कधी अडवले नाही, हेही खरे. आप्पा ७६ वर्षांचे आहेत. पंचावन्नाव्या वर्षानंतर वाहन चालवण्याचा परवाना एका वेळी पाच वर्षांपुरताच वाढवून मिळतो, सोबत डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो. आणि आप्पांच्या परवान्याची मुदत यंदाच्या एप्रिलात संपत होती. "या खेपेला वाढवायचा नाही," असे दादाने मला फोनवर सांगितले. आप्पांना सांगण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले, आणि ते मी पुढे ढकलत राहिले.

तशातच डिसेंबरातली ती संध्याकाळ आली. आम्ही राहुरीहून नगरला परतत होतो. (शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, आप्पांच्या तोंडी अजून नगरच आहे, आणि पुढे त्यांचे बोलणे बरेच येणार असल्याने मीही तेच ठेवते.) गळिताचा हंगाम ऐन भरात होता. उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, हे त्या दिवसांतले आमच्याकडचे नेहमीचे दृश्य. समोरचा एक ट्रॅक्टर दुसऱ्याला ओलांडू लागला तेव्हा आप्पांनी काही न बोलता गाडी साइडपट्टीवर उतरवली. डांबर आणि मुरूम यांच्या उंचीत वीतभर फरक होता. पुढचे डावे चाक खाली आदळले आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. कोणाला काही लागले नाही. घरी आल्यावर मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "बघ." एवढा एकच शब्द, पण एप्रिलातला सगळा निर्णय त्यात होता.

दुसऱ्या दिवशी गाडी अलाइनमेंटला नेली. दुकान नवे, चकचकीत. गाडी वर चढवली, चारी चाकांना चौकोनी पाट्या अडकवल्या, समोरच्या कॅमेऱ्यांनी त्या पाट्या न्याहाळल्या आणि पडद्यावर लाल-हिरव्या पट्ट्या उमटल्या. अर्ध्या तासात सगळ्या पट्ट्या हिरव्या झाल्या. तसा छापील कागद हाती आला, पैसे दिले, आम्ही निघालो. शंभर पावलेही गेलो नसू, तोच आप्पा म्हणाले, "स्टेरिंग दोन मिनिटं मागं आहे."

मला अर्थबोध झाला नाही. मग त्यांनी समजावले. स्टिअरिंगचे आडवे आरे घड्याळातल्या पावणेतीनसारखे राहिले पाहिजेत. डावा हात पंचेचाळीस मिनिटांवर, उजवा पंधरावर. गाडी सरळ चालली असताना आता डावा हात त्रेचाळिसावर येत होता आणि उजवा तेरावर. म्हणजे स्टिअरिंग डावीकडे कललेले. घड्याळाचे एक मिनिट म्हणजे सहा अंश. दोन मिनिटे म्हणजे बारा. आप्पांनी अंश मोजले नव्हते, ते मी नंतर मोजले. त्यांना ते तळव्यांत कळले होते.

गाडी वळवून पुन्हा दुकानात गेलो. मोजणी करणारा मुलगा विशी-बाविशीचा असावा. वागण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. त्याने कागदावर बोट ठेवले. "रिपोर्ट सगळा हिरवा आहे, काका. रस्त्याला डावीकडं ढाळ असतो ना, त्याच्यामुळं वाटतं तसं. आणि हाताची सवय असते." मग माझ्याकडे वळून, आवाज किंचित खाली आणून म्हणाला, "ताई, वयानं होतं थोडंफार."

मी मान डोलावली. या लेखात मला जे काही कबूल करायचे आहे ते या मान डोलावण्यात आहे.

आप्पा त्याला एवढेच म्हणाले, की ढाळ डावीकडे असेल तर गाडी डावीकडे घसरते, आणि ती सावरायला स्टिअरिंग उजवीकडे धरावे लागते. हे तर डावीकडे कलले आहे. युक्तिवाद बिनतोड होता. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने जातात, पाणी निथळावे म्हणून रस्ता मध्यावर उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे अगदी निर्दोष गाडीही हात सैल सोडला की हळूहळू डाव्या कडेकडे जाऊ लागते. ढाळाने स्टिअरिंग वाकडे झालेच, तर ते उलट्या बाजूला व्हायला हवे होते. मुलाने क्षणभर विचार केला आणि दुसरा उपाय सुचवला: "मग स्टेरिंग काढून एक दात पुढं बसवून देतो. दहा मिनिटांचं काम." आप्पांनी गाडीची किल्ली मागितली.

चार दिवस तसेच गेले. त्या चार दिवसांत गाडी मी चालवत होते, कॉलेजला जाण्या-येण्यासाठी, आणि मला काहीही जाणवले नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. पाचव्या दिवशी सावेडीच्या सरळ रस्त्यावर माझे लक्ष सहज हातांकडे गेले. डावा हात खाली होता, उजवा वर. गाडी सरळ चालली होती. वाकडेपणाशी मी इतक्या बिनबोभाट जुळवून घेतले होते, की विचारले असते तर स्टिअरिंग सरळच आहे असे मी शपथेवर सांगितले असते. ज्याच्या जाणिवेवर आम्ही सगळे शंका घेत होतो त्याला शंभर पावलांत जे कळले, ते मला चार दिवसांत कळले नव्हते.

आप्पांचे वाहनज्ञान बसवर पोसलेले आहे, आणि नगरच्या एसटीवाल्यांना बसविषयी एक वेगळा अभिमान असतो. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी इथून, माळीवाड्यातून, पुण्याला गेली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. आप्पा तेव्हा जन्मलेही नव्हते. पण ही हकीकत ते अशी सांगतात, की आपणच त्या गाडीच्या खिडकीत बसलो होतो असे ऐकणाऱ्याला वाटावे. ते १९७४ मध्ये लागले. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर आणि पुढे माळशेजचा घाट उतरून कल्याण, हा त्यांचा अनेक वर्षांचा मार्ग. तेव्हाच्या बसला पॉवर स्टिअरिंग नव्हते. रस्ता जे काही सांगेल ते लोखंडातून थेट दंडात येई. "स्टेरिंग मध्याला नसलं तर घाटात कळतं," असे ते म्हणतात. वळणातून बाहेर पडताना चालक स्टिअरिंग सैल सोडतो आणि ते आपोआप जिथे थांबेल तिथून पुढच्या वळणाचा हिशेब सुरू करतो. ती जागाच खोटी असेल तर पुढचा सगळा हिशेब खोटा.

त्या रात्री त्यांनी मला बस आणि छोटी गाडी यांतला फरक सांगितला. बसच्या पुढच्या दोन चाकांना एक अखंड आस असतो. दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांशी जुळवायची ती टाय रॉडने. आणि स्टिअरिंगचा मध्य जुळवायचा तो मुख्यतः वेगळ्याच एका दांड्याने, ड्रॅग लिंकने. दोन कामे, दोन दांडे. आमच्या लहान गाडीत मात्र मधल्या रॅकमधून डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन सळया निघतात, आणि चाकांची जुळणी व स्टिअरिंगचा मध्य ही दोन्ही कामे त्या दोनच सळयांना करावी लागतात. एक सळई जरा लांब आणि दुसरी तेवढीच आखूड झाली, तर चाके एकमेकांशी अगदी बरोबर राहतात. बिघडते ते फक्त हातातले स्टिअरिंग.

कागद हिरवा कसा आला, याचे उत्तर इथे आहे. यंत्र चाके मोजते. पुढच्या चाकांची तोंडे एकमेकांकडे किती वळलेली आहेत, मागच्या आसाच्या दिशेशी त्यांचे काय नाते आहे, चाक उभ्या रेषेपासून किती कलले आहे, हे सगळे ते अंशाच्या साठाव्या भागापर्यंत सांगते. स्टिअरिंग त्या वेळी कुठे होते हे मात्र ते पाहत नाही. कोणीतरी आधी स्टिअरिंग सरळ करून, क्लॅम्प लावून ते जखडले आहे, असे यंत्र विश्वासाने गृहीत धरते. त्या दिवशी ते जखडले गेले नव्हते, किंवा जखडताना डावीकडे कलले होते. चाके निमूटपणे त्या कललेल्या स्टिअरिंगला धरून सरळ केली गेली. छापील कागदातला एकही आकडा खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी अंगणात गाडी सुरू करून स्टिअरिंग डावीकडे अखेरपर्यंत फिरवले आणि तिथून उजवीकडे अखेरपर्यंत नेत फेरे मोजले. साडेतीन भरले. मग बरोबर पावणेदोन फेरे मागे येऊन थांबले. आरे आडवे होते, पावणेतीनला. खाली वाकून पाहिले तर पुढची चाके किंचित उजवीकडे पाहत होती. म्हणजे स्टिअरिंग आपल्या दांड्यावर योग्य जागी होते आणि चूक खाली, सळयांत होती. तो मुलगा म्हणत होता तसे स्टिअरिंग काढून एक दात पुढे बसवले असते, तर आरे आडवे दिसले असते खरे. पण गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळली असती, वळण संपल्यावर इंडिकेटर नको तिथे बंद झाला असता, आणि एअरबॅगची जी तारेची गुंडाळी स्टिअरिंगखाली असते तिची मधली जागा सांभाळली नसती तर तीही एखाद्या दिवशी ताणून तुटली असती. दिसणारा दोष झाकला गेला असता आणि कुठलाच दोष दुरुस्त झाला नसता.

स्टिअरिंगला आपण कोशात 'सुकाणू' म्हणतो. शब्द अरबीतून आलेला, नावेच्या मागच्या फळीचा. बोलताना तो कोणीच वापरत नाही, संपादकीयांत मात्र अमुक पक्षाचे सुकाणू तमुक नेत्याच्या हाती हमखास जाते. ते मध्याला आहे का, असे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. असो.

रविवारी आप्पा मला नागापूर एमआयडीसीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे घेऊन गेले. आप्पा त्यांना चाचा म्हणतात, ते आप्पांना ड्रायव्हरसाहेब. दोघांच्या वयात फार तर दहा वर्षांचे अंतर असेल. मी कागद पुढे केला. चाचांनी तो हातात घेतला नाही. त्यांनी आप्पांना विचारले, "हात कुठं राहतात?"

एवढाच प्रश्न. तो मी, दादाने किंवा त्या दुकानातल्या मुलाने विचारला नव्हता.

गाडी वर चढली. मी बाकावर बसून सोमवारच्या एम. ए.च्या तासाची टिपणे चाळत होते, विषय पाठचिकित्सा. आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी नकलांत शिरलेले अपपाठ काढून तिचा पाठ शुद्ध केला. दरवर्षी मुलांना मी सांगते, की अर्थ जिथे अडतो तिथेच चूक असते असे समजू नका. नकलाकाराची चूक दोन ओळी वर झालेली असते आणि आपण मात्र अडलेला शब्द बदलून मोकळे होतो. हेही सांगते, की पाठभेद नोंदवण्यापूर्वी कुठली तरी एक प्रत आधार म्हणून स्थिर धरावी लागते. ती धरली नाही तर दहा पोथ्या परस्परांशी बेमालूम जुळवता येतात आणि सगळ्या मिळून चुकीच्या असू शकतात. हे मी पंधरा वर्षे सांगत आले आहे. पण दुकानातला मुलगा स्टिअरिंग एक दात पुढे बसवतो म्हणाला, तेव्हा मला तो उपाय सोयीचा वाटला होता. किल्ली आप्पांनी मागितली, मी नव्हे.

चाचांनी इंजिन सुरू ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना दोन-तीनदा हलवले, ते आपणहून जिथे सैलावते तिथे येऊ दिले, मग आरे आडवे करून सीट आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये क्लॅम्प ताणून बसवला. नंतर यंत्र लावले. पडद्यावर पुढची दोन्ही चाके लाल झाली. डावे पाऊण अंश आत, उजवे पाऊण अंश बाहेर.

मी घाबरून आप्पांकडे पाहिले. ते हसत होते. स्टिअरिंग सुमारे सोळा अंश फिरते तेव्हा चाक एक अंश वळते, असे अशा गाड्यांचे साधारण प्रमाण. बाराला सोळाने भागले की पाऊण. त्यांच्या तळव्यांनी दिलेले उत्तर आता पडद्यावर लाल अक्षरांत होते. गाडीत चूक आहे हे दिसण्यासाठी आधी मध्य पक्का व्हावा लागला. तो पक्का झाल्याबरोबर ते हिरवेपण गेले.

पुढचे काम लवकर झाले. दोन्ही सळयांच्या लॉकनटांवर गंज चढला होता, त्यांना तेल देऊन पान्याने सैल केले. रबरी भात्यांच्या क्लिपा मोकळ्या केल्या, कारण सळई फिरताना भाता तिच्यासोबत पिळला तर फाटतो आणि रॅकमध्ये धूळ जाते. मग एक सळई जेमतेम एक फेरा लांब, दुसरी तेवढीच आखूड. दोन्ही बाजू सारख्या हातांनी चालल्या, म्हणून चाकांची आपसातली जुळणी हलली नाही. पट्ट्या हिरव्या झाल्या, नट आवळले, आवळताना आकडे सरकले नाहीत ना हे चाचांनी पुन्हा पाहिले. (काही नव्या गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा संवेदक असतो, त्यालाही नवे शून्य शिकवावे लागते म्हणे. आमच्या गाडीत तो नाही.) मागचा आस तपासला, तो सरळ होता. वाकलेला असता तर आमच्यासारख्या गाडीत तो जुळवायला जागाच नसते.

मी दादाला तिथूनच फोन लावणार होते. वाक्यही मनात तयार होते. पण चाचा म्हणाले, आधी चालवून बघू.

रविवारी एमआयडीसीतले आतले रस्ते मोकळे असतात. आप्पा चालवायला बसले, चाचा त्यांच्या शेजारी, मी मागे. सरळ पट्ट्यावर गाडी चाळिसाच्या वेगाला आली. आप्पांनी हात उचलून, तळवे स्टिअरिंगपासून दोन बोटांवर धरले. आरे हलले नाहीत. पावणेतीन. चाचांनी मान हलवली. आप्पांनी हात परत ठेवले आणि तेवढ्यात चाचा म्हणाले, "सायकल."

डावीकडच्या कंपनीच्या फाटकातून एक मुलगा सायकलवर बाहेर आला होता, बराच आधी. मला मागून दिसला होता, चाचांना दिसला होता. आप्पांनी ब्रेक दाबला; गाडी वेळेवर, आणि सायकलीपासून चांगल्या अंतरावर थांबली. मुलगा आमच्याकडे न पाहता निघून गेला. घडले काहीच नाही. पण आप्पांनी ब्रेक 'सायकल' हा शब्द ऐकून दाबला होता, सायकल पाहून नव्हे; हे गाडीतल्या तिघांनाही कळले होते.

काही वेळ कोणी बोलले नाही. मग आप्पांनी डाव्या डोळ्यावर तळहात धरून समोर पाहिले, नंतर उजव्या डोळ्यावर धरून पाहिले. हे त्यांनी अगदी सावकाश केले, अंगणात फेरे मोजले होते तसे.

"डाव्यात धुकं आहे," ते म्हणाले.

चाचांनी सांगितले, की त्यांच्या भावाचा मोतीबिंदू गेल्या वर्षी काढला, दुसऱ्या दिवशी घरी सोडले. आप्पांनी डॉक्टरांचे नाव विचारून घेतले. वर्कशॉपशी परत आलो, चाचांनी मजुरी सांगितली, आप्पांनी नेहमीप्रमाणे घासाघीस केली नाही. मग ते गाडीला वळसा घालून डावीकडच्या दाराशी गेले आणि किल्ली मला दिली.

परतताना मनमाड रस्त्यावर मी गाडी चालवत होते. दादाला काय सांगायचे हे माझे ठरत नव्हते. सकाळचे वाक्य आता अर्धेच खरे होते, आणि दादाचे वाक्यही अर्धेच खोटे. आप्पा रस्त्याकडे पाहत नव्हते. त्यांचे लक्ष माझ्या हातांवर होते.

"डावा हात वर घे जरा," ते म्हणाले. "अजून जुन्या जागी धरतेस."